मे महिन्याचा कारखाना: परसात पडलेल्या वस्तूंतून मुलांची खेळणी

कोकणात मे महिन्यात मुलांना हस्तकलेला बसवायचं तर दुकानातून आणायच्या गोष्टी चारच: सुतळीचा गुंडा, दाभण, काचकागद आणि बोथट टोकाची कात्री. बाकीचं सामान आगरात (घरालगतच्या माड-पोफळींच्या वाडीत), सड्यावर (कातळाच्या माळावर), पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दारी पडलेलं असतं. मुंबईहून येताना चमचमत्या टिकल्यांची आणि थर्माकोलच्या गोळ्यांची पाकिटं आणली असतील तर ती बॅगेतच राहू द्या. एकदा अंगणात सांडली की पहिल्या पावसात ती व्हाळात (ओढ्यात) जातात आणि तिथून खाडीत.

ज्यांनी झावळ कधी हातात धरलेली नाही अशा आईबाबांसाठी आणि सुट्टीत भाचरं सांभाळणाऱ्या मामा-मावश्यांसाठी हे लिहितो आहे. घरातल्या आजीला किंवा शेजारच्या काकांना झावळीचं भिरभिरं करता येतं का, हे आधी विचारून घ्या. येत असेल तर तो भाग वाचूच नका, मुलांना घेऊन सरळ त्यांच्यासमोर बसा.

निघण्याआधी

सामान गोळा करायला सकाळी नऊच्या आत निघा, नाहीतर थेट पाचनंतर. दुपारी पुळण तापते आणि जांभ्याचा सडा तिच्याहून तापतो. पायात बंद बूट, हातात कापडी पिशवी, आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी.

किनाऱ्यावर जायचं तर ओहोटीची वेळ हवी. त्यासाठी फोन लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, नऊच्या आसपास. संकष्टीची सकाळ म्हणून शिंपले वेचायला चांगली. एकादशीला हाच हिशेब सव्वाआठची भरती दाखवतो, त्या सकाळी पुळणीवर वेचायला काही उरत नाही, आगरात जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं आणि तितकंच वर चढतं, त्या दिवशी खडकांवर मुलांना नेऊ नका. वेळा अर्ध्या तासाने इकडेतिकडे होतात, तेवढं धरून चाला.

काय उचलायचं आणि काय नाही

नियम एकच सांगा: जे पडलंय ते आपलं, जे झाडावर आहे ते झाडाचं. याला एकच अपवाद, भिरभिऱ्यासाठी हिरव्या झावळीची चार पाती. तीसुद्धा माडावर चढून नव्हे. पाडेली नारळ काढायला येतो तेव्हा एखादी हिरवी झावळ खाली येतेच.

आगरात मिळेल: सुकी झावळ, तिचे हीर (पात्यांच्या मधल्या काड्या), सोडणं (नारळाची वरची सालं), करवंट्या, माडाची पोय (फुलोऱ्याचं म्यान) आणि पोफळीची विरी (पानाचा बुडाकडचा रुंद, चिवट भाग). सुरूच्या बनात बारीक खडबडीत फळं आणि सुयांसारख्या काड्या. रानात सावरीची फुटलेली बोंडं, भोकरं, बदामाची लाल पडलेली पानं. स्वयंपाकघरात आंब्याचे बाठे (कोयी) आणि तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) टरफलं. सुक्या झावळींचा ढीग आधी काठीने हलवा आणि मगच हात घाला. खाली विंचू असतो, कधी सापही. आणि वस्तू गोळा झाल्या की कामाला ओटीवर किंवा मांडवात बसा. माडाखाली बसायचं नाही, का ते नारळ पडल्यावर कळून उपयोग नाही.

न उचलायच्या वस्तूंची ओळख मुलांना पहिल्याच दिवशी करून द्या. कुंपणावर तपकिरी, मखमली लव असलेली शेंग लोंबताना दिसेल, ती खाजकुयली. ती दिसते फार देखणी, पण अंगाला लागली की मूल रात्रभर खाजवत बसतं. लाल-काळी गुंज दागिन्याला मोहात पाडते, पण तिची बी फुटली किंवा भोक पाडलं की आतला भाग जहरी असतो. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, जिच्याने आपल्यापैकी अनेकजण खेळले आहेत, तीही विषारी. लहान भावंड घरात असेल तर घरात आणूच नका. आणि काजूची बी. बोंडू खुशाल खा, पण कच्च्या बीच्या सालीत जे तेल असतं त्याने कातडी भाजून निघते. ती फोडायला, घासायला, रंगवायला मुलांच्या हातात देऊ नका.

शंख उचलला की सपाट वाळूवर ठेवून थोडा वेळ वाट पाहा. चालू लागला तर आत खेकडा आहे, तो त्याच्या घरी. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख पाण्यात जिवंत दिसला तर हात मागे. त्यातली काही जात डंख मारते. प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा हे सुकलेले सापडले तरी घरी आणायचे नाहीत, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्यांना संरक्षण आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे नुसतं बघायचं. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर मे महिन्यातही पिल्लं बाहेर पडू शकतात. जाळीच्या कुंपणाजवळ जाऊ नका आणि वाळूत खड्डे केले असतील तर निघताना बुजवा, इवलंसं पिल्लू त्यात पडलं की वर येत नाही.

पहिलं काम: भिरभिरं

सुरुवात याच्यानेच करा. तासाभरात होतं, पळतं, आणि मोडलं तर कोणी रडत नाही.

१. हिरव्या झावळीचं एक पातं घ्या आणि मधला हीर नखाने किंवा कात्रीने सोडवा. दोन बाजूंच्या दोन लांब पट्ट्या मिळतात. अशा चार पट्ट्या हव्यात, प्रत्येकी दोन वीत लांब आणि दोन बोटं रुंद. हीर फेकू नका.

२. चारही पट्ट्या मधोमध दुमडा. आता प्रत्येकीला एक घडी आणि दोन पदर आहेत.

३. पहिली उभी धरा, घडी वर. दुसरी आडवी घ्या आणि तिच्या दोन पदरांच्या मध्ये पहिलीला पकडा. दुसरीची घडी डावीकडे, टोकं उजवीकडे. तिसरी उभी पण उलटी, घडी खाली, आणि तिने दुसरीचे पदर पकडायचे. चौथी आडवी, घडी उजवीकडे, तिने तिसरीचे पदर पकडायचे. चौथीची टोकं पहिलीच्या घडीतून ओवून डावीकडे बाहेर काढा.

४. चारही टोकं एकाच वेळी, थोडी थोडी ओढा. मधे चौकोनी वीण घट्ट बसते आणि चार दिशांना चार पाती उभी राहतात. एकाने ओढायचं काम नाही हे, दोघांनी दोन-दोन टोकं धरली की चौकोन सरळ येतो.

५. पाती सारख्या लांबीची ठेवून टोकं तिरकी कापा आणि प्रत्येक पातं एकाच बाजूला जरा मुरडा. ही मुरड नसेल तर वारा कितीही असो, भिरभिरं ढिम्म हलत नाही. एक पातं उलटं मुरडलं तरी तेच.

६. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. गळून पडलेला देठ धुऊन, चीक सुकू देऊन, वीतभर कापून घ्या. जाड हीर भिरभिऱ्याच्या मधोमध घट्ट खोचा आणि त्याचं दुसरं टोक देठात घाला. हीर विणीत घट्ट आणि देठात सैल, एवढं जमलं की ते फिरतं. हीर देठातून मागे निसटू नये म्हणून मागच्या टोकाला पात्याची गाठ मारा.

चार-पाच वर्षांच्या मुलाला ही वीण जमणार नाही. त्याला मुरड घालायला द्या आणि पळायला द्या. त्याहून मोठ्यांना पिपाणी शिकवा: एकच लांब पट्टी बोटाभोवती तिरकी, अर्धी अर्धी चढवत शंकूसारखी गुंडाळायची, शेवट हिराच्या तुकड्याने टाचायचा, आणि बारीक तोंड दाताने दाबून चपटं करायचं. आवाज यायला ओठांची सवय लागते. शेजाऱ्यांची वामकुक्षी आधी होऊ द्या.

होडी, आणि ती कलंडते का

सोडणाची होडी सगळेच करतात. नारळ सोलताना निघालेलं लांबट सोडण पाण्यात सोडलं की तरंगतं, त्यात काडी खोचली की झाली होडी. पण ती लगेच आडवी होते आणि मूल कंटाळतं. इथे थोडा वेळ काढा, कारण याचं उत्तर आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी केव्हाच काढून ठेवलं आहे: उलांडी. अरुंद होडीच्या एका बाजूला, तिला समांतर, एक हलका ओंडका दोन आडव्या दांड्यांनी जोडलेला असतो. होडी त्या बाजूला कलली तर ओंडका तरंगून तिला उचलतो, उलट बाजूला कलली तर त्याचं वजन तिला ओढून धरतो.

होडीसाठी पोय घ्या. माडाचा फुलोरा ज्या लाकडासारख्या म्यानातून बाहेर येतो, ती ही. दोन्ही टोकांना निमुळती, मधे खोलगट, जणू सुताराने कोरून दिली आहे. हातभर लांबीची, बाजूने न तडकलेली निवडा. कापायची असेल तर मोठ्या माणसाने करवतीने कापावी आणि कापलेलं टोक ओल्या चिकणमातीने लिंपावं. माती सुकली की त्यावर मेणबत्तीचं मेण ओघळू द्यायचं.

उलांडीला सुक्या झावळीच्या देठाचा वीत-दीड वीत लांब तुकडा पुरतो. दोन्ही टोकं काचकागदाने निमुळती करा, हे काम मुलांना आवडतं. दांड्या बांबूच्या, होडीच्या तोंडापासून एकतृतीयांशावर एक आणि मागून एकतृतीयांशावर दुसरी. होडी आणि उलांडी यांच्यात वीतभर अंतर असू द्या. फार जवळ बांधली तर काम करत नाही, फार लांब नेली तर वाऱ्यात होडी गोल गोल फिरते.

बांधायला सुतळीपेक्षा काथ्या बरा, पाण्यात भिजला की आवळतो. सोडण दोन दिवस पाण्यात ठेवून ठेचलं की तंतू सुटतात. मांडीवर तळहाताने वळून मुलांना दोन पदरी सुंभ करायला शिकवा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण त्या वेळी सांगून टाका, पुन्हा इतकी चपखल जागा मिळणार नाही. दांडी आणि पोय जिथे भेटतात तिथे दाभणाने दोन भोकं पाडा, सुंभ फुलीच्या आकारात चार-पाच वेढे फिरवा आणि शेवटी त्या वेढ्यांनाच आडवे दोन वेढे देऊन आवळा. आडवे वेढे विसरलात तर गाठ कितीही मारा, बांधणी सैल होते.

डोलकाठी पुढच्या दांडीला बांधा. शिडाला बदामाचं मोठं, पडलेलं पान: देठाकडे एक आणि टोकाकडे एक अशी दोन छिद्रं पाडून काठीवर ओवायचं. पान सुकून चुरलं की दुसरं. शीड फार उंच चढवू नका. तरीही कलंडत असेल तर तळाशी चार खडे ठेवा आणि एकेक खडा काढून बघा, किती लागतात ते मुलंच शोधतील.

सोडायची कुठे? विहिरीजवळची डोण (पाण्याचं कुंड) किंवा शिंपण्याचा पाट सगळ्यात उत्तम. किनाऱ्यावर सोडायचीच असेल तर दुपारनंतर, खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असतो तेव्हा. होडी परत काठाला येते. पहाटे मतलई वारा उलट वाहतो, होडी आत जाते आणि तिच्यामागे मूल. खाडीत ओहोटी लागलेली असताना अजिबात नाही. होडीच्या मागे लांब सुतळी बांधलेली असू दे, तिचं टोक मोठ्या माणसाच्या हातात.

थोडक्यात होणारी कामं

सुरूच्या काडीला बारीक पेरं असतात. एका पेरावर ती ओढून तोडायची आणि परत तशीच जोडायची. कुठे तोडली ते दुसऱ्याने ओळखायचं. यात काही तयार होत नाही, पण एसटी थांब्यावर याच्याइतकी उपयोगी वस्तू नाही. सुरूची फळं सुतळीत ओवून माळ होते, खळीने (कृती पुढे आहे) पुठ्ठ्यावर चिकटवून साळिंदर होतं.

ताडगोळे सोलून खाल्ले की उरलेले दोन गोल टोपले दोन दिवस सुकवा. त्यांच्या मधून काठी घाला, मधोमध लांब दुबेळकं (बेचकं) असलेली फांदी टेकवून ढकला. गाडी तयार. उत्तर कोकणात हे सामान रस्त्याकडेला ढिगाने पडलेलं असतं.

करवंटीचे घोडे: दोन सारख्या अर्ध्या करवंट्या, प्रत्येकीच्या डोळ्यातून सुंभ ओवून आत जाड गाठ. पालथ्या ठेवून त्यांवर उभं राहायचं, सुंभ हातात ताणून धरायचा आणि चालायचं. मऊ डोळा कोणता हे मुलांना शोधू द्या, तिघांपैकी एकच खिळ्याने सहज उघडतो.

बाठ्याचा म्हातारा करायला हापूस कामाचा नाही, त्याला रेषाच नसतात. रायवळ हवा. चोखून झाल्यावर बाठा ब्रशने धुवायचा, ओल्या रेषा कंगव्याने एका दिशेला विंचरायच्या आणि उन्हात चार-पाच दिवस ठेवायचा. दाढी आपोआप तयार होते. डोळे कोळशाने, फेटा सावरीच्या कापसाचा.

विरीवर बसवून ओढायचा खेळ सांगायला नकोच. ती भिजवून मऊ केली की तिची चारही टोकं दुमडून हिराच्या चोयांनी टाचता येतात आणि वस्तू ठेवायला सूप मिळतं.

रंग आणि डिंक

डिंक दोन प्रकारचा. कागदाला भोकराचं पिकलं फळ: दाबून आतला चिकट गर लावायचा. जाड वस्तूंना तांदळाच्या पिठाची खळ, मंद आचेवर घट्ट शिजवलेली. खळीत चिमूटभर हळद टाकली की मुंग्या जरा कमी येतात, थांबत नाहीत.

लाल रंग पायाखाली आहे. जांभ्याचा भुसभुशीत तुकडा दुसऱ्या दगडावर कुटा, फडक्यातून गाळा, पातळ खळीत कालवा. पांढऱ्याला तांदळाचं पीठ पाण्यात; पालघर-डहाणूकडे वारली चित्रांत हेच पांढरं वापरतात आणि बांबूच्या काडीचं टोक चावून त्याची लेखणी करतात. मुलांना ही लेखणी करून द्या, ब्रशचं नाव काढणार नाहीत. काळ्याला कोळसा, पिवळ्याला हळद. रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) रस कागदावर लालजांभळा उतरतो, आणि त्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की रंग पालटतो. हळदीवर तेच पाणी टाकलं की लाल. दोन्ही एकाच कागदावर शेजारी करून दाखवा. कपडे जुनेच घाला, रातांब्याचा डाग निघत नाही.

रत्नागिरीकडे असाल तर काही पुळणींवर वाळू काळी आहे. मूठभर आणून कागदावर पसरा आणि खालून लोहचुंबक फिरवा. काही कण धावत येतात. काळी आणि पांढरी वाळू खळीने रेखलेल्या चित्रावर भुरभुरली की रंगाची गरज नाही.

शिंपल्यांचं तोरण

शिंपले पुळणीवर वेचण्याआधी घरच्या ताटात बघा. तिसऱ्या, मुळे, कालवं यांची टरफलं दर आठवड्याला फेकली जातात, आणि त्यांत कोणाचं घर मोडत नाही. सोडा घातलेल्या पाण्यात उकळवा, आतलं चिकटलेलं काढा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. वास राहिला तर पुन्हा उकळवा. वास असताना तोरण बांधलं तर मांजर ते काढून नेतं.

भोक पाडायला ड्रिल नको. पुळणीवरच्या काही शिंपल्यांना तयार गोल भोक असतं, कडेला सुबक उतार दिलेलं. एक मांसाहारी शंख शिकार खाण्यासाठी ते कोरतो. असे शिंपले शोधण्याची शर्यत लावा, मुलं तासभर गुंततात. बाकीच्यांना, फुगीर भाग खाली करून, खरखरीत जांभ्यावर पाणी घालत घासा. थोड्या वेळात तिथेच भोक पडतं. पाणी मात्र हवंच, कोरडी भुकटी नाकात जाते. वाहून आलेल्या लाकडाला सुतळीच्या पाच-सहा लडी बांधा, प्रत्येक शिंपल्याखाली गाठ, आणि दोन लडींत दोन बोटांचं अंतर, म्हणजे वाऱ्यावर ते एकमेकांना लागून वाजतात.

पाऊस येण्याआधी

पिंपळपानाची जाळी करायची असेल तर सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पानं पाण्यात टाका. तीन-चार आठवडे लागतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास होतात. पानाचा गर बुळबुळीत झाला की तळहातावर ठेवून मऊ दातघासणीने हळूच झाडा आणि वर्तमानपत्रात दाबून सुकवा.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि मग घरात कापसालाही बुरशी येते. पोयीची होडी, बाठे, करवंट्या त्याआधी चांगल्या तापवून चुलीवरच्या माळ्यावर टाका, धुराने टिकतात. खळीने चिकटवलेलं काही टिकत नाही, ते मुंबईला जाऊ दे. शिंपल्यांचं तोरण जुन्या साडीत गुंडाळा, लडी वेगवेगळ्या, नाहीतर चिपळूण येईपर्यंत त्यांचा गुंता होतो. हिरवं भिरभिरं दोन दिवसांत वाळून वाकडं होतं. ते शेणकीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाका.